लिस्बनचा हुकूम आणि गोव्यातले वास्तव

गोव्याचे व्हाइसरॉय, म्हणजे पोर्तुगीज राजाचे तिथले प्रतिनिधी, केवळ पोर्तुगालची राजधानी लिस्बनच्या हुकमाचे ताबेदार होते, हे एका लेखातील विधान मला पटत नाही. लिस्बनहून मार्च-एप्रिलमध्ये निघालेली गलबते केप ऑफ गुड होपला वळसा घालून साधारण सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला लागत आणि उत्तरे घेऊन डिसेंबर-जानेवारीत परत निघत. म्हणजे राजाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या हाती पडेपर्यंत वर्ष उलटून जाई. जहाज बुडण्याची भीती असल्याने महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या जहाजांतून रवाना होत. 1683 च्या अखेरीस संभाजी महाराजांची फौज गोव्यावर चालून आली आणि मोगल सैन्य जवळ येताच जानेवारी 1684 मध्ये माघारी फिरली. लिस्बनला याची वार्ता पोहोचली तेव्हा सारे केव्हाच आटोपले होते, त्यामुळे निर्णय घ्यायचे ते व्हाइसरॉयनेच. अर्थात, नंतर जाब द्यावा लागेच, आणि म्हणूनच व्हाइसरॉयांची ही पत्रे वाचताना लिहिणाऱ्याची स्वतःला सावरण्याची धडपड लक्षात ठेवायला हवी. इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी पोर्तुगीज दफ्तरांतून मराठ्यांच्या इतिहासाची साधने पुढे आणली. हा पत्रव्यवहार अधिकाधिक मराठीत यावा, असे मनापासून वाटते.