रिकामी जागा आणि चुकीची रेघ

नमस्कार. माझ्या आधीच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. नेपाळच्या भूकंपानंतर रात्री जागून ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणीही भर घालू शकेल अशा मोफत ऑनलाइन नकाशावर, उपग्रहचित्रं पाहून घरं-रस्ते काढणाऱ्या नवख्यांच्या चुका मी चव्हाट्यावर मांडल्या, हे फुकट राबणाऱ्यांना हिणवणं झालं, असं तुम्ही लिहिलंय. शिवाय, नकाशा कोरा असण्यापेक्षा थोडा चुकलेला बरा, असंही. माझ्या शब्दांनी कोणी दुखावलं असेल तर मनापासून क्षमा मागतो. पण दुसरी गोष्ट मला पटत नाही.

कोरी जागा दिसली की माणूस चौकशी करतो. चुकीची रेघ दिसली की तो निर्धास्त होतो. २५ एप्रिल २०१५ नंतरच्या त्या आठवड्यांत मी नेपाळच्या गोरखा जिल्ह्यातले चौकोन, म्हणजे नकाशा काढायला एकेकाला वाटून दिलेले छोटे तुकडे, तपासत होतो. एका चौकोनात गावापर्यंत छान मोटाररस्ता काढलेला. उपग्रहचित्रात ती वाट रुंद, पांढुरकी दिसत होती खरी. चित्र मोठं करून पाहिलं तर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, आणि प्रत्येक बांधापाशी वळसा घेत वर चढणारी पायवाट! तांदळाची पोती भरलेला ट्रक त्या रेघेच्या भरवशावर निघाला असता तर डोंगराच्या पायथ्याशीच अडकला असता.

दुसरी चूक तर नजरेलाही पडत नाही. दोन रस्ते मिळालेले दिसतात, पण त्यांच्यात सामाईक नोडच, म्हणजे दोन्ही रेघांना जोडणारा बिंदूच, नसतो. आपल्याला तो तिठा वाटतो. मार्ग शोधणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लेखी तिथे रस्ता संपलेला असतो. मधलं अंतर जेमतेम हातभर. घरांचंही तसंच. डोंगराळ भागात एका चित्रातलं छप्पर दुसऱ्या चित्रात काही मीटर सरकलेलं असतं. ते जुळवून न घेता काढायला बसलं की एकच घर दोनदा येतं, आणि घरं मोजून तंबूंचा अंदाज बांधणाऱ्याचं गणित बिघडतं.

यात दोष नवख्यांचा आहे असं मी मानत नाही, आणि हे मी आधीच्या लेखात ठळकपणे लिहायला हवं होतं. प्रत्येक चौकोन दुसऱ्या माणसाने तपासायचा, अशी पद्धत आहे. पण काढणारे हजारो, तपासणारे मूठभर. त्यात आम्ही जुनी मंडळी चुका गुपचूप दुरुस्त करून पुढे जायचो. ज्याच्या हातून चूक झाली त्याला कळायचंच नाही, मग पुढच्या चौकोनात तीच चूक पुन्हा.

मग नवख्यांना घ्यायचंच नाही का, असं तुम्ही विचारता. घ्यायचं, नक्की घ्यायचं. फक्त सुरुवात छपरांपासून करायची, रस्ते नंतर. आणि पहिली दहा घरं झाली की थांबवून शेजारी बसायचं. पुण्यात एका कॉलेजात एक मुलगी गवताच्या गंज्यांना घरं समजून चौकटी काढत होती. सावली कुठे पडते, आजूबाजूला अंगण आहे का, एवढं दोघांनी मिळून पाहिलं. तिच्या पुढच्या चौकोनात मला एकही रेघ बदलावी लागली नाही. काठमांडू लिव्हिंग लॅब्ज या तिथल्या नकाशा करणाऱ्या संस्थेची मंडळीही भूकंपाच्या आधीपासून काठमांडू खोऱ्यातल्या शाळा-दवाखाने नकाशावर आणत होती, म्हणून तिथला नकाशा ऐन वेळी कामाला आला.

त्या दिवसांत तुम्हीही नेपाळच्या सिंधुपाल्चोक जिल्ह्यातली घरं काढली होतीत, असं तुम्ही लिहिलंय. तुमचं युजरनेम कळवाल का? तेव्हाची चित्रं जुनी होती, आता नवी आली आहेत. येत्या रविवारी तुमचे चौकोन आपण दोघं मिळून पाहू.