संपली म्हणजे काय?

नवी टूथपेस्ट घरात आली की पहिले आठ-दहा दिवस आपण सगळे जमीनदार असतो. ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टा, वर शेवटी एक शेंडी. ही शेंडी आपण जाहिरातीतून उचलली. दंतवैद्य लहान मुलांना वाटाण्याएवढी, आणि तीन वर्षांखालच्यांना तर तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट लावायला सांगतात. पण ट्यूब भरलेली असताना दंतवैद्याचं ऐकतो कोण?

छळ सुरू होतो ट्यूब सपाट झाल्यावर. ‘संपली’ असं घरात जाहीर झाल्यानंतरही ती चांगली चार-पाच दिवस चालते, फक्त मेहनत घ्यावी लागते. आधी ट्यूब बेसिनच्या कडेवर आडवी ठेवून कंगव्याच्या पाठीने शेपटाकडून तोंडाकडे रेटायची. रिकामा भाग घट्ट गुंडाळून त्याला कपड्यांचा चिमटा लावायचा, कारण प्लॅस्टिकची ट्यूब सोडली की पुन्हा फुगते, हवा आत ओढते आणि पुढच्या वेळी पेस्टऐवजी नुसतं फुस्स होतं. जुन्या ॲल्युमिनियमच्या ट्यूबा गुंडाळल्या की गुमान गुंडाळलेल्या राहायच्या. एवढ्यानेही भागलं नाही की कात्री. मानेखाली दोन बोटं सोडून आडवा काप द्यायचा. माल अडतो तो खांद्यात. तिथलं प्लॅस्टिक जाड, कितीही दाबलं तरी चेपत नाही. ब्रश आत घालून फिरवायचा आणि कापलेला खालचा भाग पुन्हा वर चढवून ठेवायचा, नाहीतर उरलेली पेस्ट सकाळपर्यंत वाळते. हे करताना आपण किती काटकसरी आहोत याचा माणसाला साक्षात्कार होतो. (तेवढा वेळ नळ धो धो वाहत असतो, तो भाग वेगळा.)

टंचाईची व्याख्या पुस्तकात शोधण्यापेक्षा बेसिनपाशी उभं राहावं, असं माझं मत आहे. लायोनेल रॉबिन्स या इंग्रज अर्थतज्ज्ञाने 1932 मध्ये अख्ख्या अर्थशास्त्राची व्याख्याच तिच्यावर बेतली: गरजा अनेक, साधनं अपुरी, आणि त्याच साधनाचे उपयोगही अनेक. वस्तू नुसती कमी असून चालत नाही, ती कुणाला तरी हवी असावी लागते. जोडीदार हरवलेला पायमोजा घरात एकच असतो, पण त्याची टंचाई झाली म्हणून कुणी ओरडत नाही.

बोलताना मात्र आपण फार काटेकोर. टंचाई पाण्याची, तुटवडा औषधांचा, चणचण पैशाची, वानवा चांगल्या माणसांची. ‘माझ्याकडे पैशाची वानवा आहे’ असं म्हणून उसने मागून पाहा; समोरचा आधी भाषा सुधारेल, मग नाही म्हणेल. सल्ल्यांना यातला एकही शब्द आजवर लागू पडलेला नाही.

नसलेली टंचाई आणायची असेल तर तेही सोपं आहे. समजा, वस्तीत शंभर घरं, महिन्याला घरटी एक ट्यूब, आणि दुकानात 120. ‘पेस्ट मिळणार नाही म्हणे’ एवढी कुजबुज झाली की घरटी तीन उचलल्या जातात आणि चाळिसाव्या घराला फळी रिकामी होते. जगातली पेस्ट ग्रॅमभरही कमी झालेली नसते, तिने फक्त कपाट बदललेलं असतं. उरलेली साठ घरं रिकाम्या फळीचा फोटो काढून सगळ्यांना पाठवतात, आणि अफवेला पुरावा मिळतो.

कमी दिसलं की जास्त हवं वाटतं, हे काही आपल्याच घरचं खूळ नाही. मानसशास्त्रज्ञ स्टीफन वॉर्शेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये हे बिस्किटांवर तपासलं. बरणीत दहा असण्यापेक्षा दोनच असली, की तेच बिस्किट लोकांना जास्त हवंहवंसं वाटलं.

इकडे घाबरलेला दुकानदार पुढच्या खेपेला 300 ट्यूबा मागवतो. त्याची मागणी पाहून ठोक व्यापारी 500 सांगतो आणि कारखाना रात्रपाळी लावतो. सगळा माल येऊन पडतो तेव्हा चाळीस घरांत दोन-दोन महिन्यांची बेगमी असते आणि गिऱ्हाईक फिरकत नाही. मग ‘एकावर एक मोफत’ची पाटी लागते. घरात दोन ट्यूबा पडून असतानाही आपण आणखी दोन उचलतो, कारण पाटीखाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: साठा संपेपर्यंतच.