बराका चालू झालं, मग जैतापूर का नाही?

परवा रात्री कोल्हापूरजवळच्या शिरोलीहून धाकट्या भावाचा फोन आला, आवाजावरनंच कळलं की काहीतरी बिनसलंय. भट्टी भरलेली आणि लाईट गेली. ज्यांच्या घरात फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, नाही त्यांच्यासाठी सांगतो, इंडक्शन भट्टीत लोखंड पातळ झालेलं असताना लाईट गेली की ते आतच थिजायला लागतं, वेळेत ओतून काढलं नाही तर भट्टीचं आतलं अस्तर, लायनिंग, जातं, मग ते फोडून काढा, नवीन भरा, तापवा, आणि तोवर ऑर्डर लटकते ते वेगळंच. तर त्या तिरीमिरीत तो म्हणाला, दादा, तुमच्या अबूधाबीनं वाळवंटात बराकाचं अणुवीज केंद्र उभं करून दाखवलं आणि आपण अजून जैतापूरच्या अणुप्रकल्पावर भांडतोय, कोकणातल्या लोकांनी अडवलं नसतं तर ही वेळ आली असती का.

सुरुवातीला मी नुस्तं हं हं केलं, मग त्याच फोनवर पुढचं सगळं बोललो. पण ते डोक्यातनं जाईना, म्हणून लिहितोय.

मी अबूधाबीत चिलर प्लांटच्या मेंटेनन्सला आहे. बाहेर उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर असतो आणि आत एसी एक मिनिट बंद पडलेला चालत नाही, त्यामुळं विजेची किंमत मला रोज कळते. ह्या देशानं, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीनं, २००९ मध्ये अमेरिकेशी अणुकरार केला, त्याच वर्षी डिसेंबरात कोरियन कंपनीला साधारण २० अब्ज डॉलरचं काम दिलं, २०१२ ला काँक्रीट पडलं आणि सप्टेंबर २०२४ मध्ये चौथी अणुभट्टीही सुरू झाली. ५६०० मेगावॅट, देशाच्या गरजेच्या जवळपास पाव हिस्सा वीज. त्यांनाही उशीर झाला बरं का, पहिली भट्टी २०१७ ला यायची ती २०२० ला पेटली, पण झालं हे खरं. मला ह्याचं मनापासून कौतुक आहे आणि मी अणुविजेच्या बाजूचाच माणूस आहे. आमचे चुलते अजून रात्री बारा-बाराला बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जातात, कारण थ्री फेज तेव्हाच असते, आणि आमच्या राधानगरीच्या बाजूला शेतात गवा कधी समोर येईल नेम नाही. सोलरनं दिवसाची लाईट मिळायला लागलीय ते चांगलंच आहे, पण रात्रपाळीची भट्टी सोलरवर कशी चालवणार?

तरी भावाचं म्हणणं मला पटत नाही. बराकाच्या जागेवर विचारायला माणूसच नव्हता. जैतापूरला माडबन गाव आहे, आंब्याची कलमं आहेत, साखरी नाटेचं बंदर आहे, आपल्या कोल्हापुरात जे मासे चवीनं खातो ते ह्याच किनाऱ्यावरनं घाट चढून येतात. एप्रिल २०११ मध्ये, फुकुशिमाला महिना-सव्वा महिना झालेला असताना, तिथं आंदोलनावर गोळीबार झाला आणि एक मच्छीमार गेला. माझी मावशी राजापूरला दिलेली, अणुस्कुरा घाटानं उतरलो की तिच्याकडं मुक्काम. ती तेव्हा मला म्हणाली होती, "अरे, समुद्रात गरम पाणी सोडणार, मग मासा राहील की जाईल एवढंच विचारतायत ती माणसं, कोण नीट बसून सांगंल तर ऐकतील की." हे अडवणं झालं का?

आणि खरं बघायला गेलं तर जैतापूर लोकांनी अडवलेलंच नाही. जमीन, जवळपास ९३८ हेक्टर, सरकारनं कधीच ताब्यात घेतली. अडकलंय ते दरावर आणि जबाबदारीवर. फ्रान्सकडनं १६५० मेगावॅटच्या सहा भट्ट्या घ्यायच्या असं २०१० मध्ये ठरलं, पण त्याच जातीची भट्टी खुद्द फ्रान्समध्ये फ्लामाँव्हिलला २००७ ला बांधायला घेतली ती ग्रीडला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि ३.३ अब्ज युरोचा खर्च १३ अब्जांच्या पुढं गेला. मग आपल्याला युनिट कितीला पडणार? ते आजतागायत ठरलेलं नाही. माडबनच्या म्हातारीच्या गळ्यात हे खापर का मारायचं?

आता जबाबदारीचं. २००८ ला अणुपुरवठादार देशांनी आपल्याला अणुव्यापाराची सूट दिली, त्यासाठी मनमोहन सिंगांनी डाव्यांचा पाठिंबा गेला तरी सरकार पणाला लावलं, आणि एवढं करूनही वापरलेल्या इंधनाच्या पुनर्प्रक्रियेचा हक्क सोडला नाही. इथल्या अमिरातीनं मात्र युरेनियम समृद्ध करणं आणि पुनर्प्रक्रिया दोन्हीवर लेखी पाणी सोडलं. आपण ताणून धरलं ते बरोबरच होतं, कारण तारापूरला १९७४ च्या पोखरणनंतर अमेरिकेनं इंधन कसं अडकवलं ते आपण भोगलंय. मग २०१० च्या कायद्यात आपण भोपाळ आठवून एक कलम घातलं, यंत्रसामग्री सदोष निघाली तर पुरवठादाराकडनंही वसुली करता येईल. ह्या एका कलमामुळं परदेशी कंपन्या पंधरा वर्षं बिचकल्या. आणि डिसेंबर २०२५ मध्ये अणुऊर्जेचा नवीन 'शांती' कायदा आला, खाजगी कंपन्यांना दार उघडलं, आणि ते कलम गेलं. विरोधक म्हणत होते समितीकडं पाठवा, पण मांडल्यापासनं आठवड्याच्या आत दोन्ही सभागृहांत पास. मोठ्यात मोठ्या केंद्राला चालवणाऱ्याची जबाबदारी ३००० कोटींपर्यंत, पुढचं सरकार बघणार, म्हणजे आपणच.

मी भावाला विचारलं, कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनाच्या वेळी तू दसरा चौकात होतास ना? रस्ता नको असं कोल्हापूर कधी म्हणालं नव्हतं, करारात काय लिहिलंय आणि किती वर्षं वसूल करणार हे विचारत होतं. आपल्याला गुंतवणूकविरोधी म्हटल्यावर किती लागलं होतं आठव.

आता कुणी म्हणेल अमिरातीतही पुरवठादारावर जबाबदारी नाही. बरोबर आहे, इथंही सगळी जबाबदारी चालवणाऱ्या कंपनीवरच आहे. पण ज्या कोरियन कंपनीनं बराका बांधलं तिनं त्याच केंद्राच्या कंपनीत १८ टक्के हिस्सा घेतलाय. भट्टी बंद पडली तर तिचाही पैसा बुडतो, म्हणजे विकून हात झटकून जाता येत नाही. अबूधाबीचं उदाहरण द्यायचंच तर हे द्या ना! जैतापूरच्या करारात फ्रेंच कंपनीचा असा हिस्सा असणार का, युनिटचा दर सही व्हायच्या आधी छापणार का, आणि समुद्राच्या पाण्याचं तापमान रोजच्या रोज नाटेच्या जेटीवर फलकावर लागणार का, ह्या तीन गोष्टी मला लेखी पाहिजेत. त्या मिळाल्या तर जैतापूरच्या बाजूनं मी मावशीच्या दारात जाऊन बोलीन.

भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, १८ टक्क्यांचं ते मला पाठव, उद्या असोसिएशनच्या मीटिंगला विषय काढतो. मागनं भट्टीचा भोंगा वाजला, लाईट आली होती, आणि त्यानं फोन ठेवला.