शवासनात आत्मा बाहेर पडत नाही, मग होतं काय?

‘पहाटे ३ वाजता ब्रह्ममुहूर्तावर शवासनात पडा, अंग पूर्ण सैल सोडा. २१ दिवसांत आत्मा देहाबाहेर येऊन फिरू लागेल. आत्म्याला देहाशी बांधणारा चंदेरी दोरा मात्र जपा, तो तुटला की परतीची वाट बंद. शास्त्रज्ञांनीही हे सिद्ध केलंय.’ अशा अर्थाचा मजकूर मोबाइलवरून मोबाइलवर फिरत असतो. आपण देहाबाहेर आहोत हा अनुभव येतो, आणि बऱ्याच जणांना तो सरावाने आणताही येतो. पण त्याची दिलेली कारणं चुकीची आहेत. त्यांपायी कुणी भिऊन जातं, कुणी महागड्या शिबिरात पैसे भरतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

आधी ‘शवासन याचसाठी सांगितलंय’ हे. हठयोगावरच्या ‘हठप्रदीपिका’ या जुन्या ग्रंथात शवासनाचे दोनच गुण दिले आहेत: थकवा घालवणं आणि चित्ताला विश्रांती देणं. पतंजलींच्या योगसूत्रांतल्या विभूतिपादात दुसऱ्याच्या शरीरात प्रवेश करण्याचं सूत्र आहे आणि त्यात ‘शैथिल्य’ हा शब्दही येतो, हे खरं. पण तिथे सैल व्हायचं ते बंधाचं कारण, म्हणजे कर्म, हातपाय नव्हेत. शवासनाचा मोजून पाहिलेला उपयोग वेगळाच आहे. मुंबईत डॉ. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना ते शिकवलं. अनेकांचा दाब उतरला, काहींची औषधंही कमी करता आली. हे निष्कर्ष १९६९ साली प्रसिद्ध झाले.

‘पहाटे ३ चा मुहूर्त.’ ब्रह्ममुहूर्त सूर्योदयाआधी ९६ मिनिटांनी सुरू होतो. आपल्याकडे तो साधारण साडेचार ते साडेपाचच्या आसपास लागतो, ३ ला नाही. मुळात घड्याळापेक्षा तोवर किती झोप झाली हे महत्त्वाचं. झोपेचं एक आवर्तन सुमारे ९० मिनिटांचं असतं आणि पहाटेकडे त्यातला स्वप्नांचा भाग लांबत जातो. हा अनुभव बहुतेकदा त्या भागाच्या काठावर येतो.

म्हणून ‘अंग सैल सोडलं की झालं’ हेही खोटं. रात्री ११ वाजता नुसतं सैल पडलात तर झोप लागेल, दुसरं काही नाही. ज्यांना जमतं त्यांची रीत साधारण अशी: ११ ला झोपायचं, ४ चा गजर लावायचा. उठून लघवीला जाऊन यायचं, मंद दिव्यात २० ते ३० मिनिटं बसायचं, मोबाइल बघायचा नाही. मग उताणं पडून अंगावर पांघरूण घ्यायचं, कारण पडून राहिलं की अंग गार पडतं. पावलापासून सुरुवात करून पोटऱ्या, मांड्या, पोट, मुठी, दंड, खांदे, जबडा अशा क्रमाने प्रत्येक स्नायू ५ ते ७ सेकंद आवळायचा आणि अर्धा मिनिट सोडायचा. याला पाच ते दहा मिनिटं लागतात. पुढे शरीर हलवायचं नाही. वर टांगलेला दोर आपण एकेक हाताने ओढतोय, त्याचा काथ्या तळव्याला टोचतोय, अशी कल्पना करत राहायचं. दोर डोळ्यांपुढे आणण्यापेक्षा हाताला जाणवणं महत्त्वाचं.

बिघडतं ते दोन बाजूंनी. पुरती झोप लागून जात असेल, तर एक हात कोपरावर टेकवून उभा ठेवा. डोळा लागला की तो पडतो आणि जाग येते. उलट झोपच येत नसेल, तर मधली जाग लांबली. पुढच्या वेळी ती १० मिनिटांवर आणा. लाळ गिळावीशी वाटली तर गिळा, ती अडवण्याच्या नादातच लक्ष उडतं. संध्याकाळी दारू घेतली असेल तर स्वप्नांची झोप दबते, मग मेहनत वाया. आणि आठवड्यातून एखाद्या रात्रीपलीकडे हे करू नका. झोप मोडून दुसऱ्या दिवशी गाडी चालवणं धोक्याचं आहे.

‘कंपनं आली की आत्मा सुटू लागला.’ स्वप्नाच्या झोपेत आपण स्वप्नाप्रमाणे हातपाय झाडू नयेत म्हणून मेंदू स्नायू बंद ठेवतो. मन जागं झालं पण ही बंदी उठली नाही, की अंगभर गुणगुण, कानात घोंगावणं, खोलीत कुणीतरी असल्याचा भास होतो. गावाकडे ‘छातीवर भूत बसलं’ म्हणतात ते हेच. छातीचे स्नायू ढिले पडून श्वास फक्त छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या जोरावर चालतो, म्हणून छाती दाबल्यासारखी वाटते. श्वास थांबत नाही. सुटायचं असेल तर उठायची धडपड करू नका. पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा, श्वास लांब सोडा. कुशीवर झोपल्यास हे कमी होतं.

‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय.’ सिद्ध झालंय ते बरोबर उलट दिशेचं. २००२ साली जिनिव्हात ओलाफ ब्लांके आणि सहकारी अपस्माराच्या (फिट येण्याच्या आजाराच्या) एका रुग्ण महिलेच्या मेंदूची तपासणी करत होते. कानाच्या वर-मागच्या एका जागी, उजव्या बाजूला, हलका विद्युतप्रवाह दिला की तिला खाली बुडाल्यासारखं वाटे. तो थोडा वाढवल्यावर ती म्हणाली, मी पलंगावर पडलेली मला वरून दिसतेय; पण दिसत होते फक्त पाय आणि कमरेचा भाग. तोल, स्पर्श आणि दृष्टी यांची जुळणी याच भागात होते. ती विस्कटली की ‘मी इथे आहे’ ही जाणीवच सरकते.

‘आत्म्याचं वजन २१ ग्रॅम असतं’ असंही सांगतात; तो दावा तर १९०७ चा. मॅसॅच्युसेट्सच्या डॉ. मॅकडूगल यांनी ६ मरणासन्न रुग्ण तोलले. २१ ग्रॅम घट एकाचीच. दोघांची मापं त्यांनीच बाद केली.

चंदेरी दोऱ्याचं मूळही आपल्याकडचं नाही. हा शब्द बायबलच्या जुन्या करारातला, पुढे पाश्चात्त्य गूढवाद्यांनी उचललेला. अनुभव सांगणाऱ्या कित्येकांना दोरा दिसतच नाही, आणि तरीही ते जागे होतात.

राहिलं ‘दुसऱ्या खोलीतलं दिसतं’. १९६८ साली मानसशास्त्रज्ञ चार्ल्स टार्ट यांनी एका तरुणीचा प्रयोग प्रसिद्ध केला. डोक्यावरच्या फळीवर ठेवलेला पाच आकडी अंक तिने बरोबर सांगितला होता. पण घड्याळावर पडलेल्या प्रतिबिंबात तो दिसला असण्याची शक्यता टार्ट यांनी स्वतःच नोंदवली. हृदय बंद पडून वाचलेल्यांना असं काही दिसतं का, हे तपासणाऱ्या २०१४ च्या मोठ्या अभ्यासात १५ रुग्णालयांत काही ठिकाणी फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली होती. हृदय बंद पडल्याच्या २०६० घटना नोंदल्या गेल्या. चित्र पाहून सांगितलं असं एकही उदाहरण मिळालं नाही. घरीही तपासता येतं. घरातल्या कुणाला तरी पत्त्यांच्या कॅटमधलं एक पान न बघता उचलून कपाटावर सुलटं ठेवायला सांगा. अनुभव आला की आधी पानाचं नाव लिहा, मगच स्टूल घेऊन बघा. नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ५२ त एक आहे, म्हणून एका रात्रीवर विसंबू नका. दर वेळी नवं पान, आणि चुकलेलं उत्तरही त्याच वहीत.

फिट येत असतील, मानसिक आजारावर उपचार चालू असतील, किंवा आपलं शरीर आपलं नाही असं एरवीही वाटत असेल, तर यातलं काहीही करू नका. आणि काही न करता, दिवसाढवळ्या असा अनुभव येऊ लागला, तर मेंदूविकारतज्ज्ञांना गाठा.