फुलं अशी लावावीत की शेजाऱ्याला लागावीत

ऑक्टोबरचा उकाडा ओसरला, पहाटे पंखा पाचावरून एकवर आला की समजावं, हंगामी फुलांचे दिवस आले. नवखा माणूस अशा वेळी नर्सरीत जातो, डोळ्यांना बरं वाटेल ते उचलतो आणि घरी येऊन कुंडीत लावतो. तुम्ही असं अजिबात करू नका. आवडलं म्हणून लावलं, हे फक्त लहान मुलं आणि झेंडूवाले करतात. पुण्यातल्या सोसायटीत थंडीची फुलं लावायची ती आपण कोण आहोत हे गॅलरीतून जाहीर करायला, आणि समोरचा कोण नाही हे त्याला कळवायला.

तेव्हा आधी पक्ष ठरवा, माती नंतर कालवा.

आमच्या इमारतीत बहुमत पेटुनियाचं आहे. कठड्याला लोखंडी कडी, तीत लांबोडकी प्लॅस्टिकची कुंडी आणि तिच्यातून खाली लोंबणारे जांभळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे कर्णे. पेटुनियावाला ओळखायचा तो पाण्यावरून. त्याने कुंडीला घातलेलं पाणी खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरीपर्यंत पोचतं. तक्रार आली तर ‘गांडूळखताचं आहे, चांगलं असतं’ असं म्हणून आत निघून जावं. पण पेटुनिया लावून तुम्ही फार तर चारचौघांसारखे होता. त्यातही वरची पायरी गाठायची असेल तर तयार रोप न आणता बी पेरावं. एका ग्रॅमला 8 ते 10 हजार बिया, दिसायला थेट तपकीर. बारीक वाळूत मिसळून त्या पसरायच्या, वर माती टाकायची नाही, कारण उगवायला त्यांना उजेड लागतो. पाणीही वरून घालायचं नाही, ट्रे परातीत ठेवून खालून शोषू द्यायचं. एवढं करून घरात कुणी शिंकलं की हंगाम संपला. पंधरा दिवसांनी ट्रेमध्ये जे हिरवं दिसतं ते बहुधा शेवाळ असतं. मग संध्याकाळी नर्सरी गाठावी, रोपं आणावीत आणि ‘बियांपासून केली’ असं सांगावं. फक्त रिकाम्या काळ्या पिशव्या कचऱ्याच्या बादलीत वरच्या बाजूला टाकू नयेत. दुसऱ्या मजल्यावरच्या नानांची अब्रू अशाच सहा पिशव्यांपायी गेली.

पांढरा पंथ वेगळा. हे लोक इंटिरियर करून घेतलेले असतात. राखाडी कुंड्या, पांढरी पेटुनिया, पांढरं अ‍ॅलिसम, पांढरा फ्लॉक्स. रंग म्हणजे गावंढळपणा अशी त्यांची धारणा. गॅलरी एकूण शोकसभेसारखी दिसते, मधे फोटो तेवढा ठेवायचा बाकी. या पंथाची नियती नर्सरीवाल्याच्या हातात असते. ‘पांढरीच द्या’ असं बजावून आणलेल्या डझनभर रोपांपैकी एक तरी डिसेंबरात भडक राणी रंगात उमलतं. तक्रार घेऊन गेलं की तो तोंडातला ऐवज एका गालातून दुसऱ्या गालात सरकवतो आणि म्हणतो, ‘मिक्स लॉट होता, साहेब.’ तुम्ही पांढरा पंथ घेतलाच तर त्या राणी रंगाच्या झाडाकडे बोट दाखवून ‘हा मुद्दाम ठेवलाय, कॉन्ट्रास्टला’ असं म्हणायला शिका.

पॅन्सी लावणारा माणूस सहा महिने मुलाकडे इंग्लंडला राहून आलेला असतो. तिकडे भर थंडीत, बर्फ भुरभुरत असताना पॅन्सी फुटपाथच्या कडेला तग धरून उभी असते. ते मांजरीच्या तोंडासारखं फूल त्याच्या मनात भरतं. इकडे आल्यावर तो विसरतो की पुण्यात जानेवारीतल्या पहाटे स्वेटर लागला तरी दुपारी पारा 30 अंशांच्या घरात असतो. पॅन्सी अकरा वाजता मान टाकते आणि साहेब तिच्यावर छत्री धरून उभे राहतात. त्यांना एवढंच सांगावं, ‘पश्चिमेच्या गॅलरीत ठेवून बघा, ऊन मिळेल.’ आठवडाभरात विषय संपतो.

आता झेंडू. झेंडूवाल्यांना हसायचं की ‘देशी’ म्हणून डोक्यावर घ्यायचं, हे तुमचा मित्रपरिवार कोणता त्यावर ठरवा. देशी गटात असाल तर विलायती फुलांवर दोन मिनिटं आवाज चढवून बोला: परदेशी थेरं, ना वास ना औषधी गुण, आपला झेंडू तो आपला. बोलताना एक पथ्य पाळा, समोर वनस्पतिशास्त्राचा माणूस नको. कारण झेंडू मूळचा मेक्सिकोचा. डेलिया तिकडचाच, झिनियाही तिकडचाच. नर्सरीत ज्याला फ्रेंच झेंडू म्हणतात तो फ्रान्सचा नाही आणि आफ्रिकन झेंडू आफ्रिकेचा नाही, दोघांचंही आजोळ मेक्सिकोच. तिथे नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलेल्या माणसांची आठवण म्हणून घरोघर याच फुलांच्या राशी मांडतात. म्हणजे त्यांच्या पितरांचं फूल आपण दसऱ्याला नव्या गाडीच्या बॉनेटवर घालतो. (हे मी एकदा वाहनपूजा चालू असताना बोललो होतो. पेढा मिळाला नाही.) या हिशेबाने पेटुनिया दक्षिण अमेरिकेची, फ्लॉक्स टेक्सासचा, अ‍ॅस्टर चीनचा. थंडीच्या हंगामी वाफ्यात अस्सल देशी म्हणायला फार तर शेणखत उरतं.

जानेवारीत, प्रजासत्ताक दिनाच्या आसपास, एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला जाणं सक्तीचं समजा. ती बाग चालवणारी संस्था 1830 सालची, त्यामुळे तिथे आपण काही नवीन शिकवावं असं नसतं. तरी जावं, प्रत्येक कुंडीसमोर दोन सेकंद थांबावं आणि शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या बेतानं म्हणावं, ‘गेल्या वर्षी जास्त चांगलं होतं.’ गेल्या वर्षी आपण आलो नव्हतो याने काही बिघडत नाही.

दुसऱ्याच्या फुलांची स्तुती करायची वेळ आलीच तर ती उपयोगी पडेल अशी करावी. पेटुनियावालीला म्हणावं, ‘सुकलेली फुलं खुडू नका हो, बिचाऱ्या झाडाला दुखत असेल.’ फुलं खुडली नाहीत की झाड बी धरतं, आणि बी धरलं की नव्या कळ्यांचा उत्साह मावळतो. नॅस्टर्शियमवाल्याला भरपूर खत घालायला सांगावं. त्याला भाताच्या ताटाएवढी पानं मिळतील, फुलं शोधावी लागतील. दोघंही तुम्हाला दुवा देतात.

हे सगळं मी निःपक्षपणे लिहितोय, कारण मी शेवंतीवाला आहे. शेवंती ही आवड नव्हे, नोकरी आहे. गेल्या हंगामातली झाडं बुडापासून छाटायची, उन्हाळाभर जगवायची, पावसाच्या तोंडावर फुटवे वेगळे करून लावायचे. जुलैत लोक कांदाभजी खातात तेव्हा आम्ही शेंडे खुडतो, ऑगस्टात पुन्हा खुडतो. मग काठ्या, सुतळी, माव्याची कीड, तिच्यावर कडुनिंबाचं तेल. एवढ्या मेहनतीनंतर शेवंतीची मागणी एकच असते, रात्र. दिवस लहान झाले आणि लांब, सलग काळोख मिळाला की ती कळी धरते. त्या काळोखात रोज दिवा लागला तर तिला वाटतं उन्हाळा सरलाच नाही, आणि ती नुसती पानं काढत बसते. फुलांचे व्यापारी मळे असे दिवे लावूनच बहर हव्या त्या तारखेपर्यंत लांबवतात.

ही माहिती कुणाला द्यायची नसते. मी दिली. गणपतीत समोरच्या काकू मोदक घेऊन आल्या होत्या. माझ्या अकरा कुंड्यांकडे बघून ‘अजून नुसता पालाच का हो?’ म्हणाल्या. उकडीचा दुसरा मोदक तोंडात असताना माणसाला ज्ञान सांगावंसं वाटतं. मी काळोखाचं सगळं सांगितलं. वर हेही सांगितलं की पेटुनियाचं नेमकं उलट, तिला लांब दिवस मानवतो. काकूंकडे पेटुनिया असते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वाटी परत न घेताच गेल्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

काकूंच्या गॅलरीत गणपतीची आरास म्हणून दिव्यांची माळ आणि एक फोकस लागला होता. आमच्या गॅलरीपासून चार हातांवर. विसर्जन झालं, माळ राहिली. मग नवरात्र आहे म्हणून राहिली, दिवाळीत तर राहणारच, तुळशीच्या लग्नापर्यंत काढू नये म्हणतात म्हणून राहिली. फोकसचं तोंड मात्र मधल्या काळात कधीतरी आमच्याकडे वळलं. मी डिसेंबरच्या सुरुवातीला अतिशय गोड आवाजात विचारलं, ‘काकू, वीजबिल येत असेल ना फार?’

‘एलईडी आहे हो,’ त्या पेटुनियाची सुकलेली फुलं टपाटप खुडत म्हणाल्या. ‘आणि तुमची शेवंती फुलली की रात्रीसुद्धा दिसायला नको का?’

आज 20 डिसेंबर. काकूंची पेटुनिया कठड्यावरून दीड हात खाली उतरली आहे. माझ्याकडे अकरा कुंड्या आहेत आणि पाला इतका दाट, की बायको त्याची जुडी किती रुपयांना जाईल असं विचारते.