गाडीची पट्टी

काल वागळे इस्टेटच्या गॅरेजमध्ये एक अनोळखी काका माझ्या गाडीत बसून चक्क 'सा' लावून गेले, आणि पोरांनी त्याचा व्हिडिओ काढला. फुटेजमध्ये मी मागे मठ्ठासारखा उभा दिसतोय.

झालं असं, की फोर बाय फोरचा सायलेन्सर गंजून फुटला, गॅरेजवाल्याने "सेम टू सेम आहे साहेब" म्हणत दुसरा बसवला आणि तेव्हापासून टॉप गिअरला 2200 आरपीएमवर आत असा घुमारा धरतो की तो कानांपेक्षा दाढांना जास्त ऐकू येतो. आता घोडबंदर रोडला मेट्रोच्या खांबांमधून आणि गायमुखच्या जाममध्ये टॉप गिअर लागतो कुणाचा? रात्री अकरानंतर लागतो, पण गॅरेजवाला सातला शटर पाडतो. मग न्यूट्रलला रेस देऊन मलाच विचारतो, "कुठंय आवाज?" अरे बाबा, इंजिनवर लोड आला की घुमतं ते! सायलेन्सर टांगायच्या हँगरचे रबर बदलून झाले, फ्लोअरला आवाज दाबणारी डॅम्पिंग शीट लावून झालं. घुमारा जागचा हलला नाही, पैसे मात्र हलले.

तर काका. शेजारी स्कूटरचं पंक्चर काढायला टाकून टाइमपास करायला आलेले. न्यूट्रलला जे काही बारीक घुमत होतं ते ऐकून त्यांनी हात वर केला.

"धरून ठेव रे. हं. पांढरी दोन."

"काय?"

"पट्टी हो! पेटीवरची दुसरी पांढरी. खर्जातली पांढरी दोन. तंबोराच आहे तुमच्याकडे."

मोबाईलवर तानपुरा लावला, मागच्या सीटवर मांडी घातली, डोळे मिटले, आणि लावला की हो षड्ज! मेकॅनिक रेस धरून बसलाय, एरवी मी सांगितलं तर दोन सेकंद धरत नाही.

घरी येऊन हिशोब केला. चार सिलिंडर, क्रँकच्या एका फेरीत दोन स्फोट, म्हणजे 2200ला सेकंदाला 73. खर्जातली पांढरी दोनसुद्धा 73 हर्ट्झच्या आसपास. म्हणजे माणूस बरोबर होता, आणि याचाच जास्त राग आला. उपाय काय सांगितला, तर "काळी चारला घ्या, बायका गातात ती." म्हणजे 3100 आरपीएम! डिझेल काका भरणार का?

खरा उपाय आहे. एक्झॉस्टला बाजूने एक बंद तोंडाचा पाईप जोडायचा, लांबी त्या आवाजाच्या तरंगाच्या पाव. लाट आत जाऊन आपटून उलटी येते आणि मूळ लाटेला मारते. साध्या हवेत हा साधारण 1.2 मीटर भरेल, गरम धुरात आवाज जोरात पळतो म्हणून त्याहून लांब. आणि गाडीखाली आधीच ट्रान्सफर केस, पुढे-मागे दोन प्रॉपेलर शाफ्ट, टाकी, जागा आहे कुठे? तरी मेकॅनिकला सांगून बघितलं.

"साहेब, जो पाईप कुठं जातच नाही त्याला पैसे कशाला घालायचे?"

निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे म्हणे. ती बाहेरच्यांसाठी. आत बसून हप्ते भरणाऱ्याला कुणी विचारत नाही.

आज बिल आलं. त्यात 'साऊंड चेकिंग 300 रुपये' लिहिलंय. चेकिंग काकांनी केलं, फुकटात, आणि त्यांचं पंक्चर निघेपर्यंत डिझेल जळलं माझं.