लंडन लांब, मोपा त्याहून लांब

"लूट आहे, दुसरं काय!" भालूने मोबाईल सगळ्यांच्या नाकासमोरून फिरवला. "मुंबई-लंडन ७,२०० किलोमीटर. ताशी ९०० ने भागा. आठ तास! मग विमानवाले जाताना दहा तास कशाला घेतात?"

पुतण्या इंग्लंडात स्विंडनला गेल्यापासून भालू गोव्यातल्या फोंड्यात बसून लंडनचं घड्याळ सांभाळतो. लूट तर त्याला चतुर्थीला गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या बाजारातही दिसली होती.

"येताना तासभर कमी लागतो, तो का?" शांबाने विचारलं. शांबा गोव्याच्या सरकारी कदंब बसचा निवृत्त ड्रायव्हर. बोलतो कमी.

"पृथ्वी फिरते ना!"

"फिरते, पण पूर्वेला. तुझ्या हिशेबाने जाताना लंडनच धावत आपल्याकडे यायला हवं. मग लवकर पोचायचं ते जाताना."

भालूचा मोबाईल खाली.

"आणि तसं असतं तर विमान कशाला हवं? हेलिकॉप्टर फोंड्यावर उभं ठेव, दीड तासात खाली येमेन."

मास्तरांनी पृथ्वीगोल आणि दोऱ्याचं उदाहरण सुरू केलं, पण त्यांना कोणी बोलू दिलं नाही. एरवीही देत नाही.

"अरे, वारा," शांबा म्हणाला. "दहा किलोमीटर वर जेट प्रवाह, पश्चिमेकडून पूर्वेला. जोर धरला की ताशी दोनशेच्या वर. जाताना छातीवर, येताना पाठीवर. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिक सोडून पॅसिफिकवरून नेलं. वाट हजारावर किलोमीटरनी वाढली, तरी वेळ घटला. किलोमीटर मोजून वेळ कळत नाही रे. कुंडईच्या चढावर पुढे ट्रक लागला की तुझं पणजीचं गणित काय होतं?"

"आणि २०२५ च्या एप्रिलात पाकिस्तानने भारतीय विमानांना आकाश बंद केलं," मास्तर मध्येच घुसले. "दिल्लीवाल्यांना वळसा."

"वळसा आम्हाला विचारा!" मडगावचा रमाकांत याचीच वाट बघत होता. "दाबोळीचा जुना विमानतळ दारात असताना नवा गेला उत्तरेला मोपाला! काणकोणचा माणूस विमानतळावर पोचेपर्यंत वरचं विमान दुबईजवळ गेलेलं असतं."

झालं. लंडन राहिलं बाजूला. दाबोळी-मोपा म्हटलं की आमच्या कट्ट्याचे दोन तालुके होतात. भालू मोपाचा कडवा समर्थक, कारण सगळ्यांना ठाऊक आहे.

"विकास नको तुम्हाला!" तो ओरडला.

"मोपाजवळच्या, पेडण्याच्या तुझ्या प्लॉटचा झाला काय?" रमाकांत.

"होणार! विमानतळ आला ना!"

"विमानतळ आला, पण प्लॉटला वाट आली नाही," शांबा म्हणाला. "तुझ्या प्लॉटवर उतरायचं तर पॅराशूटच लागेल."

मास्तरांना चहाचा ठसका लागला.

"हसा! डिसेंबरात मी लंडनला चाललोय," भालू तणतणला.

"जा की. पण चोर्ला घाटात बेळगाव येईपर्यंत तीन पिशव्या लागतात तुला. दहा तासांच्या किती, तेवढं मोबाईलवर भागून बघ."

भालू खरंच भागायला लागला.